काउंटरवरचं अर्धं मिनिट : पोरांना नेमकं काय सांगावं?

औषधी_काका (सोमवार, रात्री ११.१५)

नमस्कार मंडळी. एरवी मी क्रिकेट आणि पाककृतीच्या धाग्यांवर पडीक असतो. आजचा विषय जरा वेगळा आहे.

कर्वे रस्त्याला लागून माझं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूला दोन कॉलेजं, काही वसतिगृहं आणि कॉट बेसिसच्या खोल्यांची तर गणतीच नाही. गिऱ्हाईक बहुतेक अठरा ते पंचविशीतलं. बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, पोरगं पायरी चढतानाच कळतं की याला काय हवंय. आधी कोल्ड्रिंकच्या फ्रीजकडे बघणार. मग खोकल्याच्या दोन गोळ्या मागणार. गुडघ्याचा पट्टा घ्यायला आलेल्या आजी जाईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं. दुकान रिकामं झालं की मोबाइलच पुढे सरकवणार, त्यावर नाव टाइप केलेलं. तोंडाने शब्द काढायचा नाही.

सोमवारची सकाळ म्हणजे बहात्तर तासांच्या गोळीची सकाळ. आजही चार गेल्या. कंडोमचं पाकीट एक. दर सोमवारी साधारण हाच हिशेब. गोळी नेणाऱ्यांना दिवस जाण्याची भीती असते, आणि ती भीती खरीच आहे. पण त्या गोळीने संबंधातून पसरणारा एकही आजार अडत नाही, हे किती जणांना माहीत असतं देव जाणे.

दुसरा प्रकार याहून वाईट. गेल्या आठवड्यात एक मुलगा मित्राने पाठवलेला गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो घेऊन आला. अ‍ॅझिथ्रोमायसिन. "त्याला याने बरं वाटलं, मलाही तसंच होतंय." अँटिबायोटिक आहे ते, आणि डॉक्टरची चिठ्ठी नाही. मी नाही म्हटलं. "ओके काका, थँक्यू," म्हणून तो पुढच्या दुकानात गेला आणि पाच मिनिटांत खिशात काहीतरी कोंबत बाहेर पडला.

माझ्याकडे असतं अर्धं मिनिट. भाषण दिलं तर ते पोरगं पुन्हा कुठल्याच दुकानात तोंड उघडणार नाही. गप्प राहून कागदात गुंडाळून दिलं तर मला रात्री झोप लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटात काय सांगू?

---

ठसका

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी पक्की.

---

मृण्मयी_कोथरूड

काका, विषय काढलात ते बरं केलंत. मुलगा एकोणीसचा आहे, यंदा हॉस्टेलला गेला. बॅग भरताना मी मेतकूट, सुईदोरा, सगळं आठवणीने दिलं. याबद्दल एक शब्द बोलता आलं नाही. नवऱ्याला म्हटलं तू बोल. त्याने स्टेशनवर मुलाला बाजूला घेतलं, मला वाटलं आता बोलतोय. घरी येऊन विचारलं तर म्हणे, "सांगितलं की, पैसे जपून वापर."

---

गण्या_फ्रॉम_नागपूर

@मृण्मयी, हसून हसून पुरेवाट 😂 आमच्या बाबांनी तेवढंही नव्हतं सांगितलं बे. 'मोठा झाला आता तू' एवढंच, अन् स्कूटरची चावी हातात.

---

संस्कारवादी

सर्व प्रश्नांचे मूळ एकच आहे. मोबाइल, पाश्चात्त्य मालिका आणि हाती खेळणारा पैसा. लग्नापर्यंत संयम पाळला तर ना गोळी लागेल ना पाकीट. दुकानदारांनी असल्या वस्तू दर्शनी भागात मांडणे बंद करावे. आमच्या वेळी हे काही नव्हते.

---

ठसका

"आमच्या वेळी हे काही नव्हते" 😀 आजोबा, तुमच्या वेळी लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग, निराश होऊ नका, भेटा' असं लिहिलेली पिवळी चिठ्ठी कोणासाठी चिकटवायचे मग?

---

डॉक्टर_कातडे

पेशाने त्वचारोगतज्ज्ञ, आयडीवरून कळलंच असेल. दवाखान्याच्या पाटीवर 'स्किन अँड व्ही.डी.' असं लिहिलेलं आहे. त्यातल्या व्ही.डी.चा अर्थ (गुप्तरोग) विचारणारा पेशंट दहा वर्षांत भेटलेला नाही. बहुतेकांना ते माझ्या नावाचं आद्याक्षर वाटतं.

काकांच्या फोटोवाल्या मुलाबद्दल आधी बोलतो, कारण तसे पेशंट माझ्याकडे दोन महिने उशिरा पोचतात.

लघवीला जळजळ आणि पू येणं यामागे बहुतेकदा गोनोरिया (जुन्या लोकांचा 'परमा') किंवा क्लॅमिडिया असतो, पुष्कळदा दोन्ही एकत्र. दोन्ही जिवाणूंमुळे होतात, दोन्ही पूर्ण बरे होतात. पण गोनोरियाचे जंतू एकेका प्रतिजैविकाला सरावत चाललेत, त्यामुळे मित्राच्या गोळ्या अर्ध्यामुर्ध्या घेतल्या की जळजळ थांबते, जंतू राहतात. शिवाय जोडीदाराला औषध दिलंच जात नाही. मग तो आजार दोघांत चेंडूसारखा फिरत राहतो. मुलींमध्ये क्लॅमिडिया बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. पुढे कधीतरी गर्भनलिका बंद असल्याचं कळतं, तेव्हा कोणाला जुना दुवा आठवतही नाही.

सिफिलिस (आपल्याकडे 'गर्मी' म्हणतात तो) तर अट्टल बहुरूपी. आधी एक जखम येते, दुखत नाही. काही आठवड्यांत काही न करता आपोआप भरून येते. माणूस म्हणतो, गेलं एकदाचं. मग अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ. गेल्या वर्षी एक आयटीतला मुलगा आला होता, एकवीस-बावीसचा. तळहातावर तांबूस ठिपके. दीड महिना अ‍ॅलर्जीच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. साबण बदलला होता, वडापाव सोडला होता. रक्ताची साधी व्हीडीआरएल चाचणी कोणी सांगितली नव्हती, कारण त्याला तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता. निदान लवकर झालं तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनवर भागतं. आजही. इतकं जुनं औषध.

@संस्कारवादी, संयमाला माझी काहीच हरकत नाही, सर्वात खात्रीचा उपाय तोच. पण माझ्याकडे येणारा पेशंट संयम संपल्यावरच येतो.

---

सब्जा

वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी नवीन आयडी काढला. नाव का घेतलं ते ऐका.

मी तेवीस. गेल्या उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. रूममेट म्हणाला, "उन्हाळी लागलीय, सब्जा पी." प्यायला. फोनवर आईला "उष्णता वाढलीय" इतकंच सांगितलं, तर तिने धने-जिऱ्याचं पाणी सांगितलं आणि कुरिअरने गुलकंद पाठवला. तीन आठवडे मी सब्जा, धने, गुलकंद, ताक. पोट एकदम थंडगार. जळजळ तशीच.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं हेच माहीत नव्हतं, खरं सांगतो. किडनीचा? जनरल? कॉलनीतल्या फॅमिली डॉक्टरकडे जाणं शक्य नव्हतं, ते बाबांबरोबर सकाळी टेकडीवर जातात. शेवटी एका मैत्रिणीने सांगितलं की याला स्किनचे डॉक्टर बघतात. मला वाटलं गंमत करतेय. गेलो. वेटिंग रूममध्ये सगळे पिंपल्स आणि केस गळणारे, मीही त्यातलाच एक. कोणी ढुंकून बघितलं नाही. तपासणी झाली, गोळ्या आणि इंजेक्शन झालं, जोडीदार होती तिलाही औषध झालं. आठवडाभरात विषय संपला.

म्हणून काका, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका ओळीत: "स्किनच्या डॉक्टरकडे जा." एवढं जर मला त्या पहिल्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर तीन किलो सब्जा वाचला असता.

---

डॉक्टर_कातडे

@सब्जा, दंडवत. हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आम्हाला वाटतं सगळ्यांना माहीत आहे.

---

मृण्मयी_कोथरूड

@सब्जा, वाचून घशात काहीतरी अडकलं. मीही गुलकंदच पाठवला असता.

---

शाळेतली_बाई

इथे शाळेची बाजू मांडते. "शाळेत शिकवत नाहीत" हे पुढच्या पाच प्रतिसादांत येणारच आहे, म्हणून आधीच.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सिफिलिस आणि गोनोरियाचा उल्लेख आहे. मी शिकवते. पण पुष्कळ ठिकाणी तो भाग "स्वतः वाचा, परीक्षेला येत नाही" म्हणून ओलांडला जातो. तोही शिक्षकांचाच दोष म्हणायचं का? २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधानसभेत गदारोळ झाला आणि राज्याने त्यावर बंदी घातली, ते आठवतंय ना? त्या वर्षी आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका मुख्याध्यापकांच्या कपाटात गेल्या. तेव्हापासून शिक्षकांच्या मनात एकच, कशाला नसती आफत.

मी वर्गात शंकापेटी ठेवते. बुटाचं खोकं, वर चीर पाडलेली. नाव लिहायचं नाही. मुलांना बाहेर, मुलींना आत असं वेगळं बसवत नाही. पहिल्या दिवशी निम्म्या चिठ्ठ्यांत कार्टून असतात. दुसऱ्या दिवसापासून खरे प्रश्न. "सार्वजनिक संडासातून होतो का?" दरवर्षी असतोच. "डास चावला तर एचआयव्ही होतो का?" हाही. (दोन्हीचं उत्तर नाही.) यंदा एक चिठ्ठी होती: "माहिती विचारली तर बाई मला वाईट मुलगी समजतील का?" त्या चिठ्ठीचं उत्तर द्यायला मला अख्खा तास लागला.

---

संस्कारवादी

म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांना तुम्ही हेच शिकवणार? माहिती दिली की कुतूहल वाढणारच. विस्तव हाताळायला दिला तर चटका बसणारच.

---

शाळेतली_बाई

@संस्कारवादी, विस्तव कशाने भाजतो हे सांगणं म्हणजे विस्तव हातात देणं नव्हे हो.

---

लंडनचा_पाऊस

आमच्याकडे इंग्लंडमध्ये पंचविशीच्या आतल्यांसाठी क्लॅमिडियाच्या तपासणीचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०२१ पासून त्याचा भर तरुण मुलींवर आहे, कारण न कळता गर्भनलिका खराब होण्याचा धोका त्यांनाच. बऱ्याच ठिकाणी किट पोस्टाने घरी येतं. साधा पाकिटासारखा डबा. नमुना स्वतः घ्यायचा, परत पोस्टात टाकायचा, निकाल मोबाइलवर. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूवरची) लस शाळेतच देतात, मुलींना २००८ पासून, मुलांना २०१९ पासून.

---

ठसका

"आमच्याकडे" आलं! चहा ठेवा रे कोणीतरी.

---

लंडनचा_पाऊस

@ठसका, ठेवा. पण टपालाने येणाऱ्या किटवर हसू नका, माझ्या भाचीने पुण्यात खासगी लॅबमध्ये तीच लघवीची तपासणी विचारली तर बिल ऐकून घरी आली.

---

मृण्मयी_कोथरूड

लशीचं नीट सांगेल का कोणी? मुलीसाठी विचारायला गेले तेव्हा 'मुलालाही द्यायची का' म्हटलं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "त्याला कशाला, त्याला काय गर्भाशय आहे?" मी गप्प बसले, आणि आता त्या गप्प बसण्याचा राग येतोय.

---

डॉक्टर_कातडे

एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापैकी साधारण सत्तर टक्के होतात. ६ आणि ११ मुळे जननेंद्रियावर चामखिळी येतात, त्या मुलांनाही येतात. माझ्या ओपीडीत त्या रोज असतात. शिवाय घसा, गुद्द्वार, लिंग यांचेही कर्करोग याच विषाणूमुळे होऊ शकतात. आणि मुलीला विषाणू देणारा बहुतेकदा मुलगाच. तेव्हा "त्याला कशाला" याला काही अर्थ नाही.

आपल्या पुण्यातच सीरमने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. या चारही प्रकारांवर आहे आणि ९ ते २६ वयाच्या मुलामुली दोघांसाठी मंजूर आहे. पंधराच्या आत घेतली तर दोन डोस, नंतर तीन. लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतली तर फायदा सर्वात जास्त. पण नंतरही घ्यावी, चारही प्रकार आधीच होऊन गेलेला माणूस विरळा.

जाता जाता, कावीळ-ब म्हणजे हिपॅटायटिस बी. तीही याच वाटेने पसरते आणि तिला लस आहे. लहानपणी दिली होती का ते आईकडच्या कार्डावर बघा. कार्ड सापडत नसेल तर डॉक्टरांना विचारून तीन डोस घेऊन टाका.

---

रंकाळा

काय राव, आमच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्रातून निरोध फुकट यायचे, आम्ही पोरं त्याचे फुगे करून जत्रेत फिरलोय. नर्सबाईंनी आईला सांगितलं तेव्हा आईने आधी मला बडवलं आणि मग विचारलं, "हे काय असतंय?"

---

जुनी_फाइल

अवांतर, पण राहवत नाही. निरोध बाजारात आला १९६८ साली, पंधरा पैशांना तीन. किराणा दुकानातसुद्धा ठेवला होता, चहापत्तीशेजारी. आज पंचावन्न वर्षं उलटून गेली तरी पोरगं मोबाइलवर टाइप करून मागतंय. डिसेंबर २०१७ मध्ये तर दूरचित्रवाणीवर कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहाच्या मध्येच दाखवा असा फतवा निघाला.

आणि औषधी_काका, एक गंमत लक्षात आली का? तुमचं दुकान ज्या रस्त्यावर आहे तो महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या नावाचा. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिलं. १९२५ मध्ये कॉलेजची नोकरी सोडावी लागली. मग १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, पदरमोड करून. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले. शंका विचारणं हा गुन्हा नाही आणि उत्तर देणं हाही नाही, हे तेव्हा न्यायालयाला पटलं नाही.

तेव्हा तुम्ही बापाच्या रस्त्यावर बसून मुलाचं काम करताय.

---

औषधी_काका

@जुनी_फाइल, अंगावर काटा आला राव. उद्यापासून दुकानाच्या भाड्याकडे वेगळ्या नजरेने बघीन. (भाडं तरीही जास्तच आहे.)

@डॉक्टर, परम्यावर देतात ते सेफिक्झिम आमच्याकडे एच-१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. रजिस्टरात डॉक्टरचं, पेशंटचं नाव लिहावं लागतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनही चिठ्ठीशिवाय द्यायचं नाहीच. पण गल्लीत सात दुकानं आहेत.

---

समुपदेशक_ताई (मंगळवार, रात्री १०.०५)

कामाचा दिवस संपवून आता वाचलं. मी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत आहे, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन होतं ते केंद्र. दारावर 'आयसीटीसी' अशीच पाटी आहे. फायदा असा की वाचूनही कोणाला काही कळत नाही, नातेवाईक बाहेर बसून "हा कसला विभाग?" म्हणत राहतात.

काही गोष्टी पोरांना माहीत नसतात, त्या लिहिते.

तपासणी मोफत. आधी बोलणं होतं, नंतर रक्त, मग परत बोलणं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. तुमच्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि तुमचा निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. वय अठरा पूर्ण असेल तर आईवडिलांना फोन जात नाही. मुलं हे तीनतीनदा विचारतात. एकाने तर आमच्या शिपायाकडे बोट दाखवून विचारलं, "यांना कळणार नाही ना?"

तपासणीची घाई करून उपयोग नसतो, हेही. काल संबंध आला आणि आज रक्त दिलं, निकाल निगेटिव्ह, म्हणजे सुटलो असं नाही. शरीरात ते दिसायला वेळ जातो. आमच्याकडच्या साध्या तपासणीसाठी तीन महिन्यांनी परत बोलावतो.

आणि बहात्तर तास! काका, तुमच्या गोळीचे बहात्तर तास सगळ्यांना पाठ आहेत. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर त्यासाठीही बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करता येतं, अठ्ठावीस दिवस घ्यायचं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, हे मला आजवर एकाही कॉलेजच्या मुलाने स्वतःहून सांगितलेलं नाही. लैंगिक अत्याचाराची घटना असेल तर सरळ सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. बाकी वेळी डॉक्टर गाठा, पण त्याच दिवशी. "सोमवारी बघू" करू नका.

सगळ्यात साधं म्हणजे १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर. नाव न सांगता बोलता येतं.

शेवटी @संस्कारवादी यांच्यासाठी, भांडण म्हणून नाही. माझ्या खुर्चीसमोर बसलेल्या किती तरी बायकांच्या आयुष्यात एकच पुरुष आला होता, नवरा. संयम त्यांनी पाळलाच होता.

---

संस्कारवादी

ताईंचा प्रतिसाद वाचला. विचार करण्यासारखा आहे. लग्नाआधी मुलामुलींची पत्रिका बघण्यापेक्षा दोघांची रक्ततपासणी व्हावी, हे माझेही मत आहे.

---

ठसका

धाग्याचा सर्वात मोठा चमत्कार! संस्कारवादी आणि मी एकमत. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

---

विरारलोकल

तिशीतला, गे, मुंबईकर. "तरुण मुलं" म्हटलं की इथे सगळे मुलगा-मुलगीच धरून चाललेत, म्हणून लिहितोय.

विशीत असताना एका डॉक्टरकडे गेलो होतो. पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" नाही म्हटलं. "मग काळजी नाही." वही बंद. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. पुढची दोन वर्षं कुठेच गेलो नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला (समलैंगिक संबंध गुन्हा नाही) तेव्हा सगळे नाचत होते, मी दुसऱ्या दिवशी तपासणी करून आलो. मुंबईत आमच्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४ पासून आहेत. तिथे पहिल्यांदा कोणीतरी भुवई न उंचावता नीट प्रश्न विचारले.

आता माझ्या मित्रांत काही जण प्रेप घेतात, एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी. डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतात, उत्तम आहे. पण त्यातल्या दोघांना सिफिलिस झाला, कारण गोळी घेतोय म्हणून कंडोम सोडला. प्रेपला सिफिलिसशी काही देणंघेणं नाही.

---

डॉक्टर_कातडे

@विरारलोकल, "लग्न झालंय?" हा प्रश्न आमच्या पेशाला लागलेली कीड आहे. माझ्याकडूनही सुरुवातीच्या काळात गेलाय. माफी.

कंडोमबद्दल तीन गोष्टी, कारण विकत घेणं निम्मंच काम. पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नका, घामाने आणि उष्णतेने रबर खराब होतं. एक्स्पायरी बघा. आणि खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यांपैकी काहीही लावू नका, लॅटेक्स त्याने फाटतं. कंडोम एचआयव्ही आणि गोनोरियापासून चांगला बचाव करतो. हर्पिस (विषाणूमुळे येणारे फोड), एचपीव्ही आणि सिफिलिसची जखम झाकल्या भागाबाहेरही असू शकते, तिथे बचाव अपुरा. म्हणून लस, म्हणून तपासणी.

---

गण्या_फ्रॉम_नागपूर

खोबरेल तेलावर अख्खं महाराष्ट्र चालतंय अन् डॉक्टर तेच नाही म्हणतात. आता जगायचं कसं बे.

---

काळा_कोट

वकील. एक कडू गोष्ट. अठराच्या आतल्यांसाठी २०१२ च्या पोक्सो कायद्यात 'संमती' हा शब्दच चालत नाही. दोघेही सतरा असले तरी. आणि कलम १९ प्रमाणे असा प्रकार समजला की कळवणं बंधनकारक, डॉक्टरांनाही. कायदा लहान मुलांना वाचवायला आहे, आणि हवाच. पण परिणाम असा की सतरा वर्षांची मुलगी त्रास होत असला तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरांनी उघड करायची गरज नाही असं म्हटलं, तेवढीच एक फट उघडली. मात्र माहिती देणं, लस देणं, शंकापेटी ठेवणं याला कुठलाच कायदा आड येत नाही. शाळेतल्या बाईंनी निर्धास्त राहावं.

---

संपादक_मंडळ

सूचना: धाग्यावर वैयक्तिक लक्षणं लिहून औषध विचारणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. त्या दोघांनी वरच्या सब्जा यांचा प्रतिसाद वाचावा.

---

सब्जा

माझं नाव संपादकीय सूचनेत! आईला दाखवता येत नाही हेच दुःख.

---

औषधी_काका (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर आणतोय. काय केलं ते सांगायला आलो.

बोलायचं कमी केलं. अप्पा बळवंत चौकातून रबरी शिक्का करून आणला. आमच्या खाकी कागदाच्या पिशव्यांवर मारतो, सगळ्याच पिशव्यांवर, नाहीतर ज्याच्यावर शिक्का तो 'तसला' असं व्हायचं. मजकूर असा: 'जळजळ, जखम, पुरळ? स्किनचे डॉक्टर. एचआयव्ही तपासणी मोफत, १०९७.' अजून चार शब्द घालायचे होते, शिक्केवाला म्हणाला, "काका, पिशवी आहे, लग्नपत्रिका नाही."

परवा एका आजोबांनी बीपीच्या गोळ्या नेल्या आणि संध्याकाळी परत आले. म्हणाले, "पाठीला खाज येते, तुमच्या पिशवीने सांगितलं म्हणून स्किनवाल्याकडे जाऊन आलो." एका मुलाने विचारलं, "काका, १०९७ कुठली बस?" म्हटलं, बस नाही, फोन आहे, चढायला तिकीट लागत नाही. त्याने पिशवीचा फोटो काढला.

आणि या सोमवारी. एक मुलगी गोळी घेऊन पायरी उतरली, पिशवी वाचली, तिथेच थांबली. परत वर आली. गुडघ्याच्या पट्ट्याच्या आजी नेमक्या पुढे उभ्या, त्यांचं माप चाललेलं. मला वाटलं आता ही फ्रीजकडे बघणार. तर ती सरळ म्हणाली, "काका, कंडोमचं एक पाकीट पण द्या."

मी टेप हातात घेऊन उभा. आजी म्हणाल्या, "आधी तिचं द्या हो. माझा गुडघा कुठे पळून चाललाय."

---

ठसका

आजींना इथलं सदस्यत्व द्या. ताबडतोब.

---

मृण्मयी_कोथरूड

काका, त्यातल्या दोन-चार पिशव्या मिळतील का? मुलाला शुक्रवारी खाऊ पाठवायचाय, चकल्या त्यातच भरते.